धूर बघायचा, आवाज सोडायचा

सोलापूर
रविवार, ८ डिसेंबर १९७४

ईरप्पा,

वर आशीर्वाद लिहावा की नाही, यातच एक कार्ड वाया गेलं. 'चिरंजीव' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. शेवटी वहीचा कागद फाडला. नऊ वर्षांत एक ओळ धाडली नाही आणि आता थोरलेपणा मिरवायला आला, असं तू म्हणशील. म्हण बाबा. पण काल मैदानावर सगळ्यांदेखत तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि "संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला येतो अण्णा, सगळी येतो, तुझ्याकडंच उतरतो" म्हणालास. ओरडूनच म्हणालास. तुला तुझा आवाज ऐकू येत नाही, पण निम्मं मैदान वळून बघत होतं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

होटगी काय लंडनला आहे का, गाडीत बसून ये की, असंही म्हणशील. खरं आहे. पण समोर बसून बोलताना तुला नकोसं झालं की तू डोळे मिटून घेतोस. तू डोळे मिटलेस की माझं बोलणं संपलं. आम्हा ऐकणाऱ्यांना ती सोय नाही, कानाला पापणी नसते. म्हणून पत्र. आपण भाऊ बोलतो कन्नडात आणि भांडतो मराठीत, म्हणून पत्रही मराठीतच लिहितो आहे. पण हे भांडण नव्हे.

आधी दाक्षीचं. काय पळाली रे पोरगी! मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती सहा वर्षांची होती, तुझ्या रेल्वेच्या लॅम्परूमबाहेर काचा पुसायचं फडकं डोक्यावर घेऊन बसलेली. काल यादीत 'दाक्षायणी ईरप्पा, होटगी' वाचलं आणि माझ्या हातातलं घड्याळ घामानं ओलं झालं. तुला निकाल कुणी नीट समजावून सांगितला की नाही कोण जाणे, म्हणून लिहितो. शंभर मीटरच्या दोन फेऱ्या झाल्या. पहिलीत माढ्याकडची गोजर कोंडीबा लेंगरे पहिली आली, तेरा पॉइंट चार. दुसरीत आपली दाक्षी, तेरा पॉइंट दोन. दुपारी दोघींची अंतिम शर्यत व्हायची होती, पण मैदानावर कुणाच्या तरी सत्काराचा मांडव पडायला लागला आणि आम्हाला हाकलून दिलं. मग जिल्हा स्पर्धेच्या समितीनं ठरवलं की फेरीतली वेळ जिची कमी, ती पुण्याला राज्यस्पर्धेला जाईल. एकच मुलगी जाणार. म्हणजे दाक्षी. यादी शुक्रवारी, वीस तारखेला रवाना होते.

दोन्ही फेऱ्यांत पहिल्या मुलीची वेळ मीच घेतली. ती माझी पुतणी आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं, मी सांगितलं नाही. दुसऱ्या नंबरची वेळ आमचे व्यायामाचे मास्तर रामहरी घेत होते. ते शेवटी काहीतरी किरकिर करत होते, पण ते तू मनावर घेऊ नकोस. तुला ऐकूही आलं नसेल म्हणा.

हे मी काय लिहिलं? खोडत नाही. माझी जीभ तुला ठाऊक आहे.

तुझी वैनी सिद्धम्मा विचारते, दाक्षीला बांगड्या कोणत्या मापाच्या लागतात. लगेच कळव.

अण्णा

*

सोलापूर
बुधवार, ११ डिसेंबर

ईरप्पा,

उत्तर आलं नाही. तीन दिवसांत कुठलं येणार, हे मला कळतं. तरी आज पोस्टमन दारावरून गेला तेव्हा मी चप्पल न घालता त्याच्या मागे गेलो. सिद्धम्मा हसली.

आज नववीला तो घंटेचा प्रयोग दाखवला. काचेच्या हंडीत विजेची घंटा टांगायची आणि पंपानं हंडीतली हवा काढत जायची. दरवर्षी करतो. घंटेची हातोडी दिसत राहते, टणटण हालत असते, आणि आवाज मात्र बारीक होत होत जातो. कारण आवाजाला चालायला हवा लागते, नाहीतर पाणी, लोखंड, काहीतरी लागतंच. हवेचा एक थर पुढच्या थराला ढकलतो, तो त्याच्या पुढच्याला, असं ढकलत ढकलत ते कानापर्यंत येतं. प्रकाशाला कुणाचा हात धरावा लागत नाही. मधे काही नसलं तरी तो येतोच, सूर्यापासून इथवर येतोच की. आमच्या पंपाचं चामडं झिजलंय, त्यामुळे आवाज पुरता मरत नाही. पोरं दरवर्षी ओरडतात, "येतंय की सर, ऐकू येतंय की!" आज मागच्या बाकावरून तेच आलं आणि मी असा खेकसलो की एक मुलगी रडायला लागली. मग तिची समजूत काढत बसलो.

खरं सांगू? हंडीतली ती हातोडी बघताना एकदम वाटलं, ईरप्पा रोज सगळं असंच बघत असेल. माणसांची तोंडं हालताहेत, गाड्यांची चाकं फिरताहेत, दाक्षी हसते आहे, आणि मधली हवा कुणीतरी काढून घेतलीय. बावीस वर्षं हा प्रयोग करतोय आणि हे मला आज सुचलं. लाज वाटली.

त्या कपाटाबद्दल लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. पण लिहितो, नाहीतर दुसरं काही लिहवत नाही.

पासष्ट साली तुझी तपासणी होती. तापात कान गेले होते आणि तू ते खात्यात कुणाला कळू दिलं नव्हतंस. तेव्हा तू रेल्वेत शंटिंगवर होतास, यार्डात डबे जोडायला-सोडायला. डॉक्टर तुझ्या पाठीमागे उभे राहून हळू आवाजात आकडे म्हणायचे आणि तू ते परत म्हणायचे. सत्तावीस, त्रेसष्ट, एकेचाळीस. तू एकही चुकला नाहीस. डॉक्टर खूश झाले. मी दारात उभा होतो. समोर औषधांचं कपाट होतं, काचेच्या दाराचं, आणि त्या काचेत डॉक्टरांचे ओठ दिसत होते. मी म्हणालो, "साहेब, त्या कपाटावर टॉवेल टाका."

टॉवेल टाकला. तुला एकही आकडा सांगता आला नाही.

शंटिंग गेलं. तुला लॅम्परूममध्ये घातलं, सिग्नलचे दिवे पुसायला आणि त्यांत रॉकेल भरायला. त्याच महिन्यात आपल्या वडिलांच्या, अप्पांच्या जमिनीवरून आपलं वाजलं होतं. त्याचा मी डाव साधला, असं तू साऱ्या होटगीला सांगितलंस. मी डाव साधला नाही रे. इंजिन मागून येतं. डोळे पुढं असतात आणि प्रकाश आडोशाला वळत नाही, समोर असेल तेवढंच दाखवतो. त्याची लाट फार बारीक असते, केसाच्या जाडीत शंभर बसतील. आवाजाची लाट हातभर लांब, ती दाराला, भिंतीला वळसा घालून येते. पहाटे गिरणीचा भोंगा बघ, गल्लीआड, भिंतीआड, पांघरुणाआड येतो. मागून येणारं कळायला कानच लागतो. तुला रुळावर मेलेला बघण्यापेक्षा लॅम्परूममध्ये माझ्यावर दात खाणारा बघणं बरं, असं मला वाटलं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगायला आलो, तर तू डोळे मिटून घेतलेस.

रामहरींनी आज परत तोच विषय काढला. "सर, तुमच्या पुतणीच्या..." हो, आता सगळ्यांना कळलंय, तू ओरडलास तेव्हा. तर, "तुमच्या पुतणीच्या मागून जी आली, तिची वेळ माझ्या घड्याळात तेरा पॉइंट नऊ. तुमची तेरा पॉइंट दोन. मधे सात पॉइंट. आणि दोघींत अंतर किती, तर दोन पावलं! दोन पावलांत सात पॉइंट कसे जातील?"

मी म्हटलं, तुमचं घड्याळ जुनं आहे.

अण्णा

*

सोलापूर
शनिवार, १४ डिसेंबर

ईरप्पा,

रामहरींचं घड्याळ जुनं नाही. दोन्ही घड्याळं एकाच दिवशी आणलेली आहेत. मी ती आज शेजारी शेजारी ठेवून दहा वेळा लावली, तंतोतंत चालतात.

आता सरळ लिहितो.

वेळ घेणारा माणूस शर्यत संपते तिथं उभा असतो, आणि पिस्तूल वाजतं शंभर मीटर लांब. धूर डोळ्याला लगेच दिसतो. त्याला शंभर मीटर म्हणजे काहीच नाही, सेकंदात तीन लाख किलोमीटर जाणारा प्रकाश तो. आवाज सेकंदाला तीनशेचाळीस मीटर चालतो. म्हणजे तो आमच्यापर्यंत पोचायला तीन दशांश सेकंद जातात, तेवढ्यात मुली पळायला लागलेल्या असतात. म्हणून घड्याळ धुरावर सुरू करायचं असतं. आवाजावर केलं तर तीन दशांश उशिरा सुरू होतं आणि मुलगी होती त्यापेक्षा तीन दशांश वेगवान दिसते. या जिल्ह्यात घड्याळ धरणाऱ्या प्रत्येक मास्तरला हे मी शिकवलंय. मैदानावर मला बघितलं की पोरं मागून माझी नक्कल करतात, "धूर बघायचा, आवाज सोडायचा!"

आज शाळा सुटल्यावर टेपनं शंभर मीटर मोजले. पलीकडच्या टोकाला आमचा शिपाई रेवणप्पा उभा केला, हातात शाळेची घंटा देऊन. हातोडा पितळेला टेकलेला दिसला की घड्याळ सुरू करायचं, आवाज आला की बंद करायचं. पंचवीस वेळा केलं. कधी दोन दशांश, कधी चार, बहुतेक वेळा तीन. रेवणप्पा वैतागला. "वाजली की वाजली सर, त्यात आणि काय मोजायलाव?" शेवटी चित्रकलेच्या जादा तासाची पोरं सुट्टी झाली समजून रंगाच्या वाट्या घेऊन बाहेर आली. मुख्याध्यापकांनी मला आत बोलावून घेतलं, ते वेगळंच.

मला हे मोजायची गरज नव्हती. बावीस वर्षं तोंडपाठ आहे. मला फक्त ते मोजून बघेपर्यंतचा वेळ हवा होता.

त्या दिवशी काय झालं सांगतो. दुसरी फेरी. मुली रेषेवर आल्या. स्टार्टर डाव्या हाताला पाटावर चढला, पिस्तूल वर धरलं. मी त्या पिस्तुलाकडे बघायला हवं होतं. इतक्यात दाक्षीनं हनुवटी पुढं काढून दोन्ही हात मानेमागं नेले आणि केस बांधले. फीत दातात धरली असणार, एवढ्या लांबून फीत कुठली दिसायला. पण ते हात, ती मान! ईरप्पा, आपली आई, अव्वाच उभी होती तिथं. शेतावर जायच्या आधी दारात उभी राहून अशीच केस बांधायची की नाही? मी बघतच राहिलो. नऊ वर्षांचं बघायचं राहिलं होतं, ते बघत राहिलो.

मला धूर आठवत नाही. आठवून आठवून डोकं दुखायला लागलं. पहिल्या फेरीचा आठवतो, पांढरा, थोडा उजवीकडे गेलेला. दुसऱ्या फेरीचा नाही. दुसऱ्या फेरीत मला आठवतो फक्त आवाज.

दाक्षीची खरी वेळ तेरा पॉइंट पाच. गोजरची तेरा पॉइंट चार. पुण्याला गोजर जायला हवी.

हे तुला लिहिलं. दुसऱ्या कुणाला अजून सांगितलेलं नाही.

अण्णा

*

सोलापूर
मंगळवार, १७ डिसेंबर

ईरप्पा,

तू काहीच कळवत नाहीस. शिव्या तरी लिही की! कन्नडात लिही, माझी हरकत नाही.

सिद्धम्माला सांगितलं. तिनं भाकरी थापायची थांबवली आणि पिठाच्या हातानंच माझ्यापुढं येऊन बसली. म्हणाली, "तुमच्या हातानं ती पोरगी जिंकली, चुकून का होईना. आता चुकूनच गप्प बसा." मी म्हटलं, असं चुकून गप्प बसता येत नाही. तर म्हणाली, "तुम्हाला खरं बोलायची खाज आहे. एकदा खाजवलंत, नऊ वर्षं माझा दीर या घरात जेवला नाही. आपल्या घरात पोर नाही. एक पोरगी जत्रेला यायची म्हणतेय, ती पण नको का तुम्हाला?"

तिनं बांगड्या आणून ठेवल्यात. अंदाजानं माप घेतलं, स्वतःच्या हातावरून. फडताळात आहेत. मी दिवसातून चारदा फडताळ उघडतो.

मी रविवारपासून तीनदा चनबसप्पांच्या घरापर्यंत जाऊन आलोय. ते समितीचे सचिव. एकदा दारातून परत आलो. एकदा आत गेलो, चहा घेतला, हवेत गारठा आहे म्हटलं आणि उठलो. तिसऱ्या वेळी त्यांनीच विचारलं, "काय काम होतं सर?" तर म्हटलं, तुमच्याकडचं पंपाचं चामडं मिळेल का? त्यांच्याकडे कसला पंप! ते माझ्याकडे बघतच राहिले.

मनात सारखं येतं, तीन दशांश म्हणजे काय रे? पापणी लवते, संपलं. या तीन दशांशांनी कुणाचं काय बिघडलं? गोजरला ठाऊक नाही. तिच्या मास्तरला ठाऊक नाही. रामहरींना शंका आहे, पण ते पुढच्या आठवड्यात विसरतील. घड्याळ तर मी त्याच दिवशी शून्यावर आणलं.

आणि मग दुपारी हे आलं. शाळेच्या पत्त्यावर, माझ्या नावानं. गोजरच्या बापाचं कार्ड आहे, गावातल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. जसंच्या तसं उतरवतो.

"साहेबांना कोंडीबा लेंगरे यांचा रामराम. आमची पोरगी दोन पॉइंटानं कमी पडली असं मास्तर म्हणालं. तक्रार न्हाय. पर ती कशात कमी पडली तेवढं कळवावं, सुटताना का मधी का शेवटाला, म्हंजे पुढल्या साली तेवढं भरून काढील. पोरगी रोज कॅनॉलच्या भरावावर पळती आन मला इचारती, आबा, मी कुटं कमी पडली? मला त्यातलं काय कळत न्हाय. तुमी घड्याळ धरलं व्हतं म्हणून तुमाला इचारतो."

काय लिहू याला? सुटताना, मधे, शेवटाला, कुठंच कमी पडली नाही, असं लिहू? ती बिचारी नसलेली चूक शोधत भरावावर पळते आहे, आणि असलेली चूक माझ्या खिशात आहे.

मी तुला आधी विचारतो आहे, असं समजू नकोस. विचारायला धीर होत नाही. सांगून ठेवतो.

अण्णा

*

सोलापूर
गुरुवार, १९ डिसेंबर

ईरप्पा,

सांगितलं.

काल संध्याकाळी लेखी दिलं. दुसऱ्या फेरीत घड्याळ मी आवाजावर सुरू केलं, वेळेत तीन दशांश वाढवावेत, चूक माझी, असं लिहून खाली सही केली. चनबसप्पांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "अहो सर, पापणी लवते तेवढ्यात!" म्हटलं, "पापणी लवते तेवढ्यात पोरगी दोन मीटर पळते." ते म्हणाले, "ती तुमची पुतणी ना?" म्हटलं, "होय." म्हणाले, "मग?" मी सहीखाली तारीख घातली.

रामहरींना बोलावून विचारलं. त्यांनी वहीत नोंद ठेवली होती, दोन पावलं, सात पॉइंट, पुढे प्रश्नचिन्ह. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. यादीत दाक्षीच्या नावावर रेघ मारून गोजर लेंगरे लिहिलं. पुढच्या वर्षापासून घड्याळ दुसऱ्या कुणाकडं तरी द्या, असं मीच म्हणालो. कुणी आग्रह केला नाही.

कोंडीबांनाही कार्ड टाकलं. पोरगी कुठंही कमी पडली नाही, मी कमी पडलो, असं लिहिलं.

आता तू गड्ड्याला येणार नाहीस. मला ठाऊक आहे. दाक्षी माझं नावही काढणार नाही. तिला तू काय सांगशील? तुझ्या काकानं एकदा तुझ्या बापाचं काढून घेतलं, आता तुझं काढून घेतलं, हेच ना? सांग. दिसायला ते तसंच दिसतं.

पण एक सांगतो, मग आणखी लिहीत नाही. मी त्या दिवशी धूर सोडून तुझ्या पोरीकडे बघत राहिलो. आयुष्यात तेवढी एकदाच मी अशी चूक केली आणि ती मायेपोटी केली. ती झाली याचं मला आतून वाईट वाटत नाही, हे समितीला लिहिता आलं नाही. तुला लिहितो.

तम्मा, धाकट्या, मला तू हवा आहेस. नऊ वर्षं हवा होतास.

सिद्धम्मा कालपासून बोलत नाही. सकाळचा भोंगा झाला, गाडीची शिट्टी झाली, सगळं ऐकू येतंय, घरात मात्र कुणाचा शब्द नाही.

विरुपाक्ष

*

होटगी
रविवार, २२ डिसेंबर १९७४

अण्णास ईरप्पाचा नमस्कार.

पाची पत्रं पोचली. समदी वाचली. कानाबद्दल तू जे लिवलंस ते पण वाचलं. मला लिवायची सवय न्हाय, जमंल तसं वाच.

मला समदं आधीच ठावं व्हतं.

त्या दिशी तुमी घड्याळवाले ज्या लाकडी पायऱ्यांवर उभं व्हता, त्याच्या शेजारीच मी उभा व्हतो. आमाला ऐकू येत न्हाय तवा आमी माणसांचं हात बघतो, तोंडं बघतो. लांब धूर निगाला. रामहरी मास्तरचा अंगठा खाली गेला. तुजा गेला न्हाय. मग समदी माणसं दचकली, म्हंजे आवाज आला आसंल, तवा तुजा अंगठा गेला. दोन अंगठं शेजारी शेजारी, एक आधी, एक मागनं. तेवढ्या मैदानात हे मलाच दिसलं, कारण आवाजानं दचकलो न्हाय तो मी एकटाच.

म्हणलं, अण्णानं माज्या पोरीसाठी मुद्दाम केलं. तुज्या खांद्यावर हात ठेवला तो त्यापायीच. घरी आलो, जेवण गेलं न्हाय. खूश व्हावं का थुकावं ते कळंना. आठ दिस लॅम्परूममदी काचा पुसत तेच. मग तुजं शनवारचं पत्र आलं, मुद्दाम न्हवतं म्हणून. मला सांगितलंस ते निम्मं झालं. तिकडं सांगतोस का न्हाय, ते बघत व्हतो. म्हणून उत्तर लिवलं न्हाय.

कपाटावर टॉवेल तू डूख धरून टाकायला लावलास आसं नऊ वर्सं धरून बसलो. डूख धरणारा माणूस परक्याचं खरं सांगतो आन आपलं झाकतो. तू आपलं पण झाकलं न्हाईस. लई वंगाळ माणूस हायस तू अण्णा, पर दोनी बाजूनं सारखा हायस.

दाक्षी दोन दिस रडली. काल इचारलं, अप्पा, त्या पोरीच्या पायात काय व्हतं? म्हणलं, काय न्हाय, नुसतं पाय. आज सकाळी उठून पळायला गेली.

आमी गड्ड्याला येतो. दाक्षी तुज्याशी बोलणार न्हाय म्हणती, पर येती. वैनीला सांग, बांगडीचं माप दोन चार, म्हंजे सव्वादोन इंची.

तुज्याकडं सांजच्याला लाइट जाती म्हणं. कंदील मी आणतो, काच पुसून आणतो. तू भिताडाला टेकून बस आन कंदील तुज्या तोंडापाशी ठेव. तोंडावर उजेड आसला की मला समदं कळतं. डोळं मी मिटत न्हाय. बोल तू.

तुजा तम्मा